मुक्कामाला जागा हवी

कॅराव्हॅन हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला, असं आपण समजतो. त्याचं मूळ घर मात्र फारसीत आहे. कारवान म्हणजे एकमेकांच्या सोबतीनं वाट कापणारा तांडा. व्यापारी, यात्रेकरू, उंट, घोडी असा सगळा लवाजमा त्यात असे. हा शब्द युरोपात गेला, तिथे चाकांवरच्या घराला चिकटला. इंग्रजांनी त्याचं नुसतं शेपूट ठेवून ‘व्हॅन’ केली. आता तो ‘कॅम्परव्हॅन’ होऊन आपल्या रस्त्यांवर परत आला आहे. त्याचे सोबती सफर, मुसाफीर, रस्ता, सामान हे तर केव्हापासून मराठीच्या ओसरीवर बसलेले आहेत. मुक्काम हा त्यांच्यातलाच. माझ्या गावाचा पत्ता लिहायचा तर ‘मु. पो. ईट, तालुका भूम’ असा लिहितात. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी राहिलेल्या माणसाच्या पत्त्यातही पहिला शब्द वाटसरूचा आहे, ही मला नेहमीच मौजेची गोष्ट वाटत आली.

मला आज या मुक्कामाविषयीच बोलायचं आहे.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यानं दिवाळीनंतर चार दिवसांसाठी अशी एक गाडी भाड्यानं घेतली. सोबत त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. ‘मामू, लोक हिमाचलला जातात, आपण तुमचा बालाघाट फिरू,’ म्हणाला. गाडीत दोन बाकं, रात्री त्यांचेच पलंग होतात. एक शेगडी, बसकी मोरी, कपाटाएवढं शौचालय आणि पाण्याची टाकी. पहिल्या दिवशी मुलीनं गाडीतली सगळी कपाटं दहादा उघडून मिटली.

आमचा मुलूख पाहायला लोक सहसा येत नाहीत. दुष्काळाच्या बातमीत तेवढं आमचं नाव येतं. पण बालाघाटाच्या माथ्यावर उभं राहिलं की एक गंमत कळते. इथल्या एका उताराचं पाणी सीनेला मिळून भीमेवाटे कृष्णेत जातं, आणि दुसऱ्या उताराचं मांजरेत जाऊन गोदावरीला मिळतं. एकाच ढगाचं पाणी, पण दोन खोऱ्यांत वाटलेलं.

पहिला थांबा खर्डा. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ती इथेच. निजाम अली या किल्ल्याच्या आश्रयाला आला आणि इथेच त्याला तह करावा लागला. त्या काळची लष्करं म्हणजे चालती शहरंच. बाजार, स्वयंपाक, जनावरं, बायकामुलं, सगळं बरोबर. त्यामुळे लढाईच्या आधी प्रश्न असायचा पाण्याचा आणि तळाचा. आमच्या छोट्या गाडीलाही पहिल्या संध्याकाळी तोच प्रश्न पडला. टाकी भरायची कुठे आणि गाडी लावायची कुठे?

जामखेड ओलांडून आम्ही सौताड्याला गेलो. सपाट माळावरून चाललेला रस्ता एकाएकी दरीच्या काठाशी येतो आणि विंचरणा नदी खाली झेप घेताना दिसते. पाऊस लांबला होता, म्हणून धार अजून जाड होती. पायऱ्या उतरून खाली रामेश्वराच्या मंदिरापाशी गेलो. साहसी खेळांसाठी लोक दूरदूर जातात. माझ्या वयाच्या माणसानं सौताड्याच्या पायऱ्या परत चढून दाखवाव्यात, म्हणजे साहस कशाला म्हणतात ते गुडघेच सांगतात. वर एका चहावाल्यानं त्याच्या टपरीमागे गाडी लावू दिली, चार बादल्या पाणी दिलं आणि पैसे काही घेतले नाहीत. ‘रात्रीचं दरीकडं जाऊ नका,’ एवढंच बजावलं.

दुसऱ्या दिवशी पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य. १९९४ साली घोषित झालेलं हे जंगल तीस चौरस किलोमीटरचंही नाही. उजाडता उजाडता मोरांची केकावली सुरू झाली. दिवाळीनंतर मोराचा पिसारा झडलेला असतो, त्यामुळे मुलगी जरा हिरमुसली. पण पिसाऱ्याविना मोर किती चपळ पळतो, हे तिला त्या दिवशी पाहायला मिळालं. मला तर तो तसाच जास्त आवडला, सणाचे कपडे उतरवून कामाला लागलेल्या माणसासारखा.

तिथून मांजरसुंब्यावरून सोलापूरच्या महामार्गाला लागलो. येरमाळ्याच्या अलीकडे अंधार पडला. टाकी रिकामी झालेली. एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावली, तर तिथे आधीच एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह उभा होता. ऊसतोडीला निघालेली टोळी होती. ट्रॉलीत वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, हंडे, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, खुराड्यात कोंबड्या, वर गोधड्यांत गुरफटलेली पोरं. शेजारी बांधलेली एक शेळी.

टोळीतल्या बायका आमच्या गाडीभोवती आल्या. एकीनं विचारलं, ‘ह्यातच ऱ्हाता व्हय?’ भाचेसुनेनं दार उघडून आत बोलावलं. शेगडी पाहिली, पलंग पाहिले, हसल्या. मग त्या बाईनं ते कपाटाएवढं दार उघडलं आणि तिथे ती बराच वेळ उभी राहिली. ‘आन हे गाडीतच?’ म्हणाली. भाचेसून तिला हळूच काहीतरी बोलली. त्यानंतर ती बाई आणि टोळीतल्या दोन पोरी एकामागून एक आत जाऊन आल्या. आम्ही पुरुष रस्त्याकडे तोंड करून ट्रॅक्टरवाल्याशी ऊसाच्या भावावर बोलत राहिलो.

थोड्या वेळानं पंपावरच्या माणसानं दोन्ही गाड्या पुढे घ्यायला सांगितल्या. एक भाड्याची महागडी गाडी आणि एक उचल घेतलेल्यांची ट्रॉली. दोघांनाही त्या रात्री सारखाच हुकूम मिळाला. ते दक्षिणेकडे कारखान्याच्या वाटेनं गेले, आम्ही एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर.

बीड, धाराशिव, अहिल्यानगर या भागातून दरवर्षी लाखो माणसं अशी निघतात. दसरा-दिवाळीला घराला कुलूप आणि उन्हाळा लागला की परत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, असा तिथला हिशेब. सहा महिने ज्यांचं घर चाकांवर आणि ताडपत्रीखाली असतं, त्यांच्या प्रवासाला कोणी पर्यटन म्हणत नाही. ते बरोबरही आहे. पण रात्री थांबायची जागा, एक नळ आणि एक बंद दार ही गरज तर दोघांचीही एकच असते.

तिसऱ्या दिवशी येडशीला रामलिंगाच्या दरीत गेलो. रामलिंग घाट अभयारण्य १९९७ चं, जेमतेम बावीस चौरस किलोमीटर. माकडं, मोर, घळीतलं देऊळ, पावसाळ्यातला धबधबा, एवढीच त्याची ओळख होती. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र तिथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. तो थेट यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून आला होता. शेकडो किलोमीटरची ही वाट त्यानं शेतं, ओढे, महामार्ग ओलांडत, रात्री चालत आणि दिवसा दडत कापली. वाटेत कुठल्या उसात झोपला, कुठल्या ओढ्यावर पाणी प्याला, ते त्यालाच माहीत. पुढे २०२५ मध्ये वन खात्यानं त्याला पकडून सह्याद्रीत हलवायचं ठरवलं. मोठमोठी पथकं आली, पण तो आठवडेच्या आठवडे हुलकावणी देत राहिला. इकडे लोकांची जनावरं गेली, शेतात एकट्यानं जायची भीती बसली. त्यांची भीती खोटी नाही. पण नर वाघाला बावीस चौरस किलोमीटरांहून कितीतरी मोठा मुलूख लागतो. मधल्या वाटेवर झाडी उरली नाही, तर त्यानं थांबावं कुठे? अभयारण्य म्हणजे तरी काय, जनावरांसाठी राखलेला मुक्कामच.

शेवटचा दिवस नळदुर्गाचा. किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बंधारा बांधला गेला. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात. बांधणाऱ्यानं त्या भिंतीच्या पोटात एक महाल ठेवला आहे. डोक्यावरून पाणी जातं, आणि आत खिडकीशी बसलेला माणूस कोरडा राहतो. आम्ही गेलो तेव्हा धबधबे थांबले होते. तरी त्या गार दगडावर बसून मुलीनं विचारलं, ‘इथे कोण राहायचं?’ कुणी राहत नसे. घटकाभर बसायची ती जागा. बंधारा बांधताना कुणाला तरी त्या बसणाऱ्याची आठवण झाली, हे मला त्या बांधकामाइतकंच मोठं वाटतं.

थांबणाऱ्याची आठवण ठेवणं ही आपली जुनी रीत आहे. वारीच्या पालखीचे मुक्काम ठरलेले असतात आणि गावं त्यांची वाट पाहतात. आमच्या भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीला पायी येणारे जैन मुनी चातुर्मासात एका जागी थांबतात, तेव्हा श्रावक त्यांची सोय पाहतात. कुराणात जकात कुणाला द्यावी याची जी यादी आहे, तिच्यात गोरगरिबांच्या बरोबरीनं वाटसरूही आहे. धर्मशाळा, सराया, पाणपोया याच समजुतीतून झाल्या.

केंद्र सरकारनं २०१० मध्ये आणि महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांसाठी वाहनतळ, पाणी, वीज, स्वच्छतागृहं अशा सोयींचा विचार आहे. चांगलीच गोष्ट आहे. मोठ्या हॉटेलविना आमचा बालाघाट पाहायला येईल, असा प्रवासी त्यामुळे मिळेल. गावच्या चहावाल्याला, कुंथलगिरीच्या पेढेवाल्याला चार पैसे मिळतील.

माझं म्हणणं इतकंच, की असे तळ जेव्हा होतील तेव्हा त्यांना फार उंच फाटक लावू नका. एक नळ, दोन स्वच्छ शौचालयं, एक दिवा, चार कडुनिंब आणि रात्री एक राखणदार. पर्यटकाच्या गाडीकडून त्याचे पैसे घ्या, तो आनंदानं देईल. ऊसतोडीच्या ट्रॉलीला आणि धनगराच्या बिऱ्हाडाला मात्र फुकट थांबू द्या. आणि जंगलाच्या कडेला तळ असेल तर तिथला दिवा मंद ठेवा, गाणी लावू नका. त्या वाटेनं चौथा मुसाफीरही येत असेल, चार पायांचा.

दिवाळी झाली की टोळ्या पुन्हा बाहेर पडतील. महामार्गावर रात्री दोन ट्रॉल्या दिसतील, वर गोधड्यांत झोपलेली पोरं असतील. तुमच्या दाराशी, पंपाशी, शाळेच्या मैदानाशी त्या थांबल्या, तर त्यांना ‘पुढं घ्या’ म्हणण्याआधी पाणी हवं का, एवढं विचारा.