गायरानातून सायकल

श्रोतेहो, सायकलवरून फिरून आलो असं सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, ‘किती किलोमीटर मारले?’ मारले! जणू किलोमीटर म्हणजे डासच. माझा आकडा ऐकला की मंडळींचा हिरमोड होतो. कारण मी आज ज्या सायकलफेरीविषयी बोलणार आहे, तिच्यात दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ झाले. ही सायकल रमतगमत चालवायची. झाड दिसलं की टेकवायची, पक्षी ओरडला की थांबायचं आणि चढ आला तर बिनदिक्कत उतरून ढकलायची. त्यात कमीपणा नाही.

अशा फिरण्यासाठी लोक कोकणात जातात, घाटमाथ्यावर जातात. मी मात्र उलट्या दिशेला, उगवतीकडे जातो. दिवेघाट चढून सासवड, तिथून जेजुरी आणि जेजुरीहून मोरगावच्या वाटेला लागलं की देश बदलतो. पाऊस कमी, माती उथळ, झाडं ठेंगणी. खैर, हिवर, बोर, बाभूळ, हेंकळ. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपे आणि त्याच्याजवळ चिंकाऱ्यांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य. 1997 साली जाहीर झालेलं हे अभयारण्य आहे जेमतेम पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरचं. पण चिंकाऱ्याला काही अभयारण्याची हद्द वाचता येत नाही. खोकडाला नाही, लांडग्यालाही नाही. ही जनावरं आजूबाजूच्या मोकळ्या माळांवर हिंडतात. आणि त्यातले कितीतरी माळ म्हणजे गावोगावची गायरानं.

मोटारीतून जाताना हा माळ ‘ओसाड’ दिसतो. सायकलवरून तो तसा राहत नाही. दिवाळीच्या सुमारास गवत पिवळं होऊ लागलेलं असतं. माळटिटवी आपल्याला हुसकावते, चंडोल गात गात वर चढतो. आणि कुसळं! कुसळी गवताच्या बीला एक लांब शेपूट असतं. दमट हवेत ते पीळ सोडतं, कोरड्यात पुन्हा वळतं आणि असं फिरत फिरत बी स्क्रूसारखं जमिनीत घुसवतं. जमीन सापडली नाही तर ते काम तुमच्या मोज्यात करतं. शाळेत न शिकलेलं वनस्पतिशास्त्र मी मोज्यातून शिकलो.

आता गायरान म्हणजे काय? गावातल्या कुणा एकाची नसलेली, गावाच्या उपयोगासाठी राखलेली जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या बाविसाव्या कलमात अशा जमिनी कशाकशासाठी राखून ठेवता येतात याची यादी आहे. जंगल आणि सरपण, गावच्या गुरांना फुकट चराई, गवत, स्मशान, गावठाण, मुक्कामाची जागा, खळं, बाजार. कायद्याचं कलम असून ते वाचताना गावातून फेरफटका मारल्यासारखं वाटतं. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यानंही गावात शेळी पाळावी, पोळी भाजावी आणि मेल्यावर जळावं, याची ती तजवीज आहे.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असतं तर विसरलो असतो. कळलं ते एका पंक्चरमुळे. सुप्याच्या अलीकडे, एका गायरानातल्या गाडीवाटेवर माझ्या मागच्या चाकात काटा गेला. जवळच एक म्हातारे धनगर मेंढ्या घेऊन उभे होते. फलटणकडचा त्यांचा वाडा दिवाळी करून कोकणाच्या दिशेनं निघाला होता. तट्टावर संसार, पिलावळीसकट. पावसाळा इकडच्या कोरड्या मुलखात काढायचा आणि मग मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरायचं, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात.

मी ट्यूब बाहेर काढून छिद्र शोधत होतो. ते म्हणाले, ‘‘पावनं, ट्यूब ऱ्हाऊ द्या. आधी टायर फिरवा.’’ मग करगोट्याला अडकवलेला चिमटा काढून त्यांनी टायरमधून हिवराचे तीन काटे उपसले. मी घाईनं ठिगळ लावून चाक बसवलं असतं, तर शंभर पावलांवर पुन्हा खाली बसलो असतो.

ठिगळ वाळेपर्यंत गप्पा झाल्या. गायरानाच्या एका कडेला पत्र्याची सात-आठ घरं होती, पुढे थोडी ज्वारी. मी शहरी तळमळीनं म्हणालो, ‘‘बाबा, ही अतिक्रमणं हटवली पाहिजेत. तुमच्या मेंढरांनी चरायचं कुठे?’’

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘ती बिनजमिनीची माणसं हायती. लई सालं झाली. मला हंडाभर पानी त्यांच्याकडंच मिळतं.’’ आणि काठी दुसऱ्या बाजूला दाखवली. तिकडे दूरवर तारेचं कुंपण गेलं होतं. ‘‘ते कुनाचं, ते कुनाला ठावं न्हाई. आमची वाट त्यातनं जायची. आता डांबरीवरनं जातो. मागल्या साली ट्रकखाली अकरा मेंढरं गेली.’’

श्रोतेहो, मला नजरेला पत्रे दिसले होते. कुंपण दिसलंच नव्हतं. कुंपण नीटनेटकं असतं ना!

घरी येऊन मी थोडं वाचलं. 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात निकाल दिला. गावाच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं काढण्यासाठी सर्व राज्यांनी योजना आखाव्यात, असा तो आदेश. पण त्याच निकालात अपवादही आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी अधिसूचनेनुसार पट्टा दिला असेल, किंवा तिथे आधीच शाळा, दवाखाना असेल, तर नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. मराठवाड्यात तर भूमिहीन दलितांनी गायरानं कसली, त्यासाठी मोठे लढे दिले आणि 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारला घ्यावा लागला. म्हणजे गायरान वाचवा म्हणताना ते कुणापासून आणि कुणासाठी, हे विचारावंच लागतं. धनगरबाबांनी ते मला अपवाद-बिपवाद न सांगता दाखवलं होतं.

आणखी एक गोष्ट. माळ रिकामा दिसतो म्हणून तो हिरवा करायची आपल्याला घाई होते. चर खणले जातात, ओळीनं गिरिपुष्प लावलं जातं. हेतू चांगलाच असतो. पण गवताच्या मुलखात गवत हेच जंगल. तिथे दाट झाडी उभी केली की चिंकाऱ्याची धाव जाते, जमिनीवर अंडी घालणाऱ्या धाविकाची जागा जाते आणि मेंढीचा घासही जातो. तुकोबांच्या पालखीला काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, ते पाहायला आपण गर्दी करतो. त्या मेंढ्या उरलेले अकरा महिने कुठे चरतात, हेही कधी पाहावं.

तर श्रोतेहो, तुम्हालाही जावंसं वाटलं तर चार गोष्टी सांगतो. पावसाळा सरल्यापासून माघापर्यंत जा, पहाटे निघा. पाणी दुप्पट घ्या. पंप आणि ठिगळांबरोबर एक चिमटाही घ्या. चाक गाडीवाटेवरच ठेवा, गवतात घालू नका. तिथे कुणाचं तरी घरटं असतं. मेंढपाळाची कुत्री अंगावर आली तर पळू नका. खाली उतरा, सायकल मध्ये धरा आणि सावकाश चालत जा. आणि मेंढरांचा कळप समोरून आला तर बाजूला थांबा. घंटी वाजवू नका. वाट त्यांची आहे.

आणि लांब जाणं जमत नसेल, तर आपल्याच गावापासून सुरुवात करा. सातबारा हल्ली घरबसल्या संगणकावर पाहता येतो. ‘सरकारी गायरान’ किंवा ‘गुरचरण’ अशी नोंद कोणत्या गटाला आहे ते शोधा, चावडीत गावनकाशा पाहा आणि एखाद्या रविवारी सायकल घेऊन त्याला प्रदक्षिणा घाला. कागदावर आहे तेवढं जमिनीवर आहे का, ते बघा. कमी भरलं, तर ग्रामसभेत विचारा. पण विचारण्याआधी तिथे राहणाऱ्याशी आणि तिथे चारणाऱ्याशी, दोघांशीही बोला.

मीही पुढच्या रविवारी निघालोच आहे. बाबांचा वाडा यंदा कोणत्या वाटेनं गेला, ते पाहायचं आहे.