दस्तुरी, अंतस्थ आणि लाच
(बीरगांव येथील अभ्यासवर्गातील भाषण)



लाच कशास म्हणावे हे ज्या त्या समाजाच्या संस्कृतीवर अवलंबून असते, आपल्याकडे देण्याघेण्याची रीतच आहे, असा युक्तिवाद सुशिक्षित मंडळी वारंवार करतात. त्यात तथ्यांश आहे. आहेर आणि लाच यांतील सीमारेषा सर्वत्र सारखी नसते. परंतु ती आखतो कोण, हे मात्र ही मंडळी विचारीत नाहीत.

आपल्याच भाषेतील दोन शब्द घ्या. पहिला 'अंतस्थ'. पेशवाईत गावखर्चाच्या नावाने बसविलेल्या जादा पट्टीतील काही भाग दरबारातील मंत्री व हिशेबतपासनीस यांना गुपचूप पोचविला जाई. १८१९ च्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टन सांगतो की, हळूहळू ही लाच ठरीव हक्क बनली आणि इतर खर्चाप्रमाणे तिचीही तपासणी होऊ लागली. मग खऱ्या लाचेसाठी पुन्हा नवी पट्टी! तिची बारीक चौकशी कोणी करीत नसल्याने पाटीलही आपला हात ओला करून घेई. रयतेच्या लेखी दोन्ही पट्ट्या सारख्याच होत्या. एल्फिन्स्टन हा जेत्यांचा अधिकारी, हे अर्थात विसरू नये; त्याच्याच कंपनीच्या क्लाईव्हने प्लासीनंतर मीर जाफरकडून घेतलेले प्रचंड द्रव्य 'भेट' ठरविले होते.

दुसरा शब्द 'दस्तुरी'. मूळ फारसी 'दस्तूर' म्हणजेच रीत. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हाती होती. कोकणातून वा घाटावरून आलेला कामगार काम मिळविण्यासाठी दस्तुरी देई, गावाहून परतल्यावर पुन्हा देई. १९३१ साली शाही मजूर आयोगानेही या लाचखोरीची नोंद केली. जॉबर पुष्कळदा गावचा, नात्यातला असे. अडीनडीला कर्ज देई, खोली मिळवून देई. कामगाराच्या मनातील कृतज्ञता खोटी नव्हती, हे आपण मान्य केले पाहिजे. संस्कृतीचा जोर तो येथेच. पण आहेर न केल्यास माणूस फार तर रुसतो. दस्तुरी न दिल्यास चूल विझते.

उरला-सिलतराच्या कारखान्यांलगतच्या या गावात हा इतिहास सांगण्याचे कारण उघड आहे. १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकांच्या लाचखोरीसाठी आहे. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरला. सक्तीने द्यावी लागली असल्यास सात दिवसांत तक्रार करणाऱ्यास तेवढी सूट आहे. खाजगी कंत्राटदाराचा मुकादम मात्र लोकसेवक नव्हे. हजेरी लावण्यासाठी त्याने मजुरीतून काही कापून घेतले, तर या कायद्याच्या भाषेत ती लाच होत नाही. कायद्याने मोकळी सोडलेली ही जागा 'चहापाणी', 'खर्चापाणी' असे शब्द भरून काढतात.

म्हणून फाटकावर कामगाराशी बोलताना 'लाच देता काय?' असे विचारू नका. तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल. 'मागितले ते दिले नाही, तर दुसऱ्या दिवशी काय होते?' असे विचारा, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून आणा.