नोंद हवी, पण नाव कुठवर?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आनंदाच्या दिवशी हा रोगाचा विषय कशाला, असे काहीजणींना वाटले असेल. पण माणसे मोजायचे काम सरकारने काढले, की दाराशी उत्तर द्यायला बहुधा आपणच उभ्या असतो. एचआयव्हीची नवी लागण मोजावी कशी, हा प्रश्न म्हणून आपलाही आहे.

गोवराचे सोपे असते. अंगावर पुरळ दिसले की लागण अलीकडचीच. एचआयव्हीची लागण झालेला माणूस औषधावाचूनही आठ-दहा वर्षे धडधाकट दिसू शकतो. तेव्हा केंद्रात या महिन्यात दहाजण नव्याने सापडले, म्हणजे दहाजणांना याच महिन्यात लागण झाली, असे नव्हे. गावात तपासणी-शिबिर भरले की आकडा चढतो; तिथे रोग वाढलेला नसून शोध वाढलेला असतो. यासाठी नोंदीत मागच्या तपासणीची तारीख हवी. गेल्या वर्षी निर्दोष आणि यंदा सदोष, तर लागण मधल्या काळातली हे कळते.

आपल्याकडची मोजणी कशी झाली पाहा. 1986 साली मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देशातली पहिली लागण शोधली. पुढे 1998 पासून दरवर्षी ठरावीक दवाखान्यांतून गरोदर बायांचे रक्त तपासू लागले. एकेका ठिकाणी चारशे बाया. गरमीच्या तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातले उरलेले, नाव काढून टाकलेले. गुप्तता पक्की, पण ज्या बाईच्या रक्तात दोष निघाला तिला या मोजणीतून कोणी सांगूही शकत नव्हते! मला ही गोष्ट नेहमीच टोचत आली आहे.

आणि आकडा? 2006 साली देशात सुमारे 52 लाख बाधित आहेत असा अंदाज होता. 2007 साली तो 25 लाखांच्या आसपास आला. निम्मे लोक काही बरे झाले नव्हते. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांचे रक्त घरोघरी तपासले गेले, तेव्हा दिसले की सरकारी दवाखान्यांवरून बांधलेला अंदाज फार वर गेला होता.

मग नावानिशी नोंद करावी काय? सोय मोठी आहे. सासरी तपासलेली मुलगी बाळंतपणाला माहेरी येते, तिथे पुन्हा तपासतात. नुसत्या आकड्यांत ती दोनदा मोजली जाते. त्याहून वाईट म्हणजे तिचे औषध मध्येच तुटते. जन्मल्याबरोबर बाळाला औषध आणि सहा आठवड्यांनी त्याच्या रक्ताची तपासणी, हे तिचा माग ठेवल्यावाचून व्हायचे कसे?

पण नाव फुटले तर? केसपेपरवर तांबडी खूण, वॉर्डातली कुजबुज, आणि लागण नवऱ्याकडून आलेली असली तरी घराबाहेर निघते ती बाई. असे एकदा झाले, की त्या आळीतली दुसरी बाई तपासणीला येत नाही. वही कोरी राहते आणि रोग कमी झाला असा अहवाल वर जातो.

माझ्या मते नाव केंद्रातच थांबावे. वर जावा तो क्रमांक, वय, जिल्हा आणि तारखा. तोच क्रमांक सासरी चालावा, तोच माहेरी. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीवाचून तपासणी नाही आणि संमतीवाचून बोभाटा नाही, हा त्याचा सर्वसाधारण नियम. त्यात एक कलम आपण पाठच करावे असे आहे: जोडीदाराला कळवल्याने मारहाण होईल किंवा टाकून देतील अशी रास्त भीती असेल, विशेषतः बाईच्या बाबतीत, तर डॉक्टरने त्याला कळवू नये.

आता नोंदी संगणकावर होतात. आपल्या तालुक्याच्या केंद्रात त्याचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे, कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आणि तपासणीआधी बाईशी बोलायला आडोशाची खोली आहे की नाही, हे विचारायला येत्या महिन्यात आपल्यापैकी चौघीजणी गेल्या, तर डॉक्टरसाहेबांना राग येईल असे मला वाटत नाही.