साल्हेरच्या लढाईत आपण कुठे होतो?

(नाशिक रोड येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'आपल्या जिल्ह्याचा भूगोल आणि इतिहास'. एवढा मोठा जिल्हा एका तासात बसणार नाही, म्हणून मी त्याचा एक कोपरा निवडला आहे. तो म्हणजे बागलाण, सटाण्याच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. तो निवडण्याचं कारण आधी सांगतो.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. एका वर्षी मुलांना घेऊन साल्हेरवर गेलो. उतरताना दुसरा एक ग्रुप भेटला. त्यातल्या एकानं आमच्या मुलाला नाव विचारलं. नाव ऐकून तो हसला आणि म्हणाला, "अरे, तुमच्या लोकांना इथंच तर हाणलं होतं." भांडण झालं नाही. सगळे पुढे गेले. पण परतीच्या बसमध्ये तो मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "सर, साल्हेरच्या लढाईत आपण कुठे होतो?"

मी त्याला घाईघाईत दोन नावं सांगितली. शिवाजी महाराजांच्या पायदळात नूरखान बेग होते, आरमारात दौलतखान होते. दोन्ही खरी आहेत. तो "हो सर" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचं समाधान झालं नव्हतं. आज त्याला नीट उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

सुरुवात जमिनीपासून करू. साल्हेरची उंची १,५६७ मीटर. महाराष्ट्रात कळसूबाईखालोखाल हेच शिखर, आणि किल्ल्यांमध्ये सर्वांत उंच हाच. शेजारी सालोटा. थोडं पूर्वेला मुल्हेर, मोरा आणि हरगड. जवळच मांगी-तुंगीचे सुळके, जैन बांधवांचं तीर्थक्षेत्र. या रांगांना सेलबारी-डोलबारी म्हणतात. हे सगळे डोंगर लाव्ह्याचे आहेत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. कठीण थर उभे राहिले, मऊ थर झिजले. म्हणून आपल्याकडच्या डोंगराला पायऱ्या दिसतात: एक उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. किल्ला बांधणाऱ्याचं निम्मं काम त्या कड्यांनीच करून ठेवलेलं असतं.

साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाचं छोटं मंदिर आहे. तिथं उभं राहिलं की पश्चिमेला डांगचं जंगल दिसतं. तिकडे पाऊस कोसळतो. पूर्वेला वळलात की मुलूख कोरडा होत जातो. पण याच डोंगरांतून पूर्वेकडे मोसम नदी निघते. ती मुल्हेर, ताहाराबाद, नामपूर करत मालेगावला गिरणेला मिळते. गिरणा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. या डोंगराच्या पूर्वेला पडलेलं पाणी एवढा वळसा घालून शेवटी पश्चिमेलाच जातं.

माणसं मात्र एवढा वळसा घालत नव्हती. सुरतेचं बंदर एकीकडे आणि दख्खन, खानदेश दुसरीकडे. मधली वाट या डोंगरांच्या खिंडीतून. इकडे खिंडीला 'बारी' म्हणतात. बारी ज्याच्या हातात, जकात त्याच्या हातात. बागलाणचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो. त्यात धर्म येतो, पण बराच नंतर.

इथं तीनशेहून अधिक वर्षं बागुल राजांचं राज्य होतं. ते स्वतःला राठोड म्हणवत. मुल्हेर त्यांची राजधानी. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलनं बागलाणची नोंद केली आहे. तिथल्या फळांत तो द्राक्षं आणि डाळिंबं सांगतो, किल्ल्यांमध्ये साल्हेर-मुल्हेरचं नाव घेतो. आजही सटाण्याचं नाव काढलं की द्राक्षं आणि डाळिंबंच आठवतात.

आपल्या नाशिक रोडला नोटा छापतात, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरातलं कुणीतरी प्रेसमध्ये असेल. चारशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात मुल्हेरला चांदीची नाणी पाडत. त्या नाण्याचं नाव होतं 'महमुदी'. गुजरातच्या महमूद सुलतानाच्या नावावरून ते पडलं होतं. राजा राठोड, टांकसाळ त्याची, आणि नाणं महमुदी! कारण सरळ होतं. सुरतेच्या बाजारात तेच चालायचं.

याच दरबारात रुद्रकवी नावाचा संस्कृत कवी होता. १५९६ मध्ये त्यानं बागुल घराण्यावर 'राष्ट्रौढवंश' हे महाकाव्य लिहिलं. पुढे याच कवीनं अब्दुर्रहीम खानखानानवरही संस्कृतात काव्य रचलं. हो, तोच रहीम, ज्याचे दोहे तुम्ही हिंदीच्या पुस्तकात पाठ केले आहेत. राजकारण त्यातही होतंच. मोगल सरदाराला खूश ठेवायचं होतं. पण खूश ठेवायला संस्कृत काव्य चालत होतं, हे लक्षात घ्या.

मग १६३८ साल येतं. औरंगजेब तेव्हा एकोणीस वर्षांचा शहजादा, दख्खनचा सुभेदार. त्यानं मुल्हेरवर फौज पाठवली. त्या फौजेच्या दोन प्रमुखांपैकी एकाचं नाव होतं मालोजी दख्खनी आणि दुसऱ्याचं मुहम्मद ताहिर. वेढा पडला. राजा भारजीनं अखेर आपल्या आईला गडांच्या चाव्या देऊन पाठवलं आणि राज्य संपलं. मुल्हेरचं नाव औरंगगड झालं. भारजीला सुलतानपूरचा परगणा मिळाला. त्याच्या मागे त्याचा मुलगा बैरामशाह मुसलमान झाला आणि दौलतमंदखान म्हणून मोगल सरदार बनला.

आता हा प्रसंग कुणाच्या खात्यात टाकणार? राज्य घेतलं ते मोगलांनी. ते आक्रमणच होतं, त्याला दुसरा शब्द शोधू नका. पण दारावर उभा असलेला सरदार मालोजी आहे, आणि हरलेल्या राजाचा मुलगा मुसलमान आहे. 'आपले' आणि 'त्यांचे' अशा दोन रकान्यांत ही माणसं बसत नाहीत.

आणि आता १६७२. आदल्या वर्षी साल्हेर महाराजांच्या ताब्यात आला होता. मोगलांनी वेढा घातला. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोन बाजूंनी चालून आले. गडाखालच्या मैदानात मोठी लढाई झाली आणि मराठ्यांनी ती जिंकली. मोगलांशी समोरासमोर मोकळ्या मैदानात मिळालेला हा मोठा विजय. सूर्यराव काकडे त्यात पडले. मोगलांच्या बाजूनं पडला राव अमरसिंह चंदावत. पकडले गेले त्यांत इखलासखान होता आणि अमरसिंहाचा मुलगा मुहकमसिंहही. त्या ग्रुपमधल्या मुलानं 'तुमच्या लोकांना' म्हटलं, तेव्हा मुहकमसिंह त्याच्या हिशेबात नव्हता.

पण मित्रांनो, इथं आपणही एक चूक करतो. समोरचा असं बोलला की आपण यादी काढतो. त्यांच्याकडे इतके आमचे होते, आमच्याकडे इतके त्यांचे. मीही बसमध्ये तेच केलं. यादी खोटी नसते. पण यादी देताना आपण त्याचा प्रश्न मान्य केलेला असतो. की लढाई दोन धर्मांची होती, आणि आता फक्त हजेरी घ्यायची आहे. औरंगजेबाचं समर्थन करणं ही माझी जबाबदारी नाही, आणि त्याच्या वतीनं माफी मागणं हीसुद्धा नाही. मी त्याचा वारस नाही. माझं नाव मुसलमान आहे म्हणून तो माझा पूर्वज होत नाही. साल्हेरचा विजय हा मात्र माझ्या जिल्ह्याचा, माझ्या भाषेचा इतिहास आहे. त्याचा अभिमान वाटायला मला कुणाची परवानगी लागत नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. साल्हेर त्यात आहे. ती बातमी वाचून मी घरात पेढे आणले.

मग त्या लढाईत 'आपण' कुठे होतो? खरं सांगायचं तर तुमचे-माझे पूर्वज बहुधा कुठल्याच फौजेत नव्हते. कुणी नांगर धरत असेल, कुणी माग चालवत असेल. फौजा यायच्या तेव्हा अशा माणसांचं धान्य आणि बैल जायचे, मग फौज कुणाचीही असो. या माणसांनी काय केलं हे बखरीत मिळणार नाही. पण मोसमच्या आणि आरमच्या काठावर ते अजून दिसतं.

तिथं फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. नदीवर बंधारा घालायचा, पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे. त्या तुकड्याला फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पाळी बदलायची. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या. भांडण झालं तर गावच मिटवणार. राज्यं बदलली, नाणी बदलली, ही व्यवस्था काही शतकं टिकली. ती उतरणीला लागली ती मोठी धरणं आणि विहिरी आल्यावर. मला विचाराल तर बागलाणचा सर्वांत मोठा पराक्रम हा आहे.

आणि त्याच मोसमच्या काठी खाली मालेगाव आहे. तिथला किल्ला नारोशंकर यांनी बांधला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावरही त्यातल्या अरब शिपायांनी इंग्रजांशी काही आठवडे झुंज दिली. १८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर येत गेले आणि मालेगाव मागांचं शहर झालं. ते आले तिथं पाणी होतं म्हणून राहिले. त्या पाण्याचा उगम साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरात आहे. मालेगावात मला तरुण भेटतात, मोसमच्या पुलावरून रोज जातात. वरच्या डोंगराचं नावही त्यांना माहीत नसतं. दुसऱ्यानं 'हे तुमचं नाही' म्हणण्याआधी आपणच ते सोडून दिलेलं असतं. मला याचं वाईट जास्त वाटतं.

म्हणून माझी विनंती आहे. एक, आपला जिल्हा पायांनी बघा. दोन, घरातल्या दादी-नानीला विचारा की आपले लोक कुठून आले, कुठल्या विहिरीचं पाणी प्यायचे, काय पिकवायचे, काय विणायचे. लिहून ठेवा, मराठीत लिहा. तीन, कुणी डिवचलं तर चिडू नका आणि यादीही काढू नका. त्याला सांगा, चल, वर जाऊन मैदान दाखवतो, कोण कुठून आलं ते समजावून सांगतो. जो जमीन ओळखतो त्याला तिथून कुणी हुसकू शकत नाही.

पावसाळा संपला की आपण जाऊ. पहिल्या दिवशी मालेगावपासून मोसमच्या काठाकाठानं मुल्हेरपर्यंत, दुसऱ्या दिवशी साल्हेर. चढ अवघड आहे. बूट चांगले घाला, पाणी भरपूर घ्या. ज्यांना यायचं आहे त्यांनी जाताना माझ्याकडे नावं द्यावीत. बसमधला तो मुलगा आता मोठा झाला आहे, नोकरी करतो. त्याचं नाव मी आधीच लिहून घेतलं आहे.