कुणी मोजलं, कशाने मोजलं



कंपन्यांच्या हवामानविषयक अहवालांत गुंतवणूकदारांना रस आहे का, यावर आपण वेळ घालवू नये. रस आहेच. ‘सेबी’ने 2022-23 पासून पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल, सक्तीचा केला, तो उगाच नाही. प्रश्न विश्वासाचा आहे, आणि रेशीम विणणाऱ्या या तिरुभुवनम् गावात तो विचारताना कावेरीचं खोरं समोरच आहे.

शेजारच्या कुंभकोणम्‌मध्ये 1904 साली एक बँक निघाली. आज ती सिटी युनियन बँक म्हणून शेअर बाजारात आहे. बीआरएसआरच्या साच्यात कुठल्याही बँकेला शाखांची वीज आणि जनरेटरचं डिझेल यांतून किती कार्बन गेला, ते टनांत लिहावं लागतं. पण या खोऱ्यात कर्ज देणाऱ्या बँकेची खरी जोखीम विजेच्या बिलात नसते, कर्जखात्यांत असते. मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे 12 जूनला उघडतात, त्यावर कुरुवै भाताचा हंगाम चालतो. 2023 मध्ये ते वेळेवर उघडले, पण पुढे कर्नाटकातून पुरेसं पाणी आलं नाही आणि उभं पीक वाळलं. नोव्हेंबर 2018 च्या गाजा वादळाने तंजावर, पुदुकोट्टै भागातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या. नवं रोप फळाला यायला वर्षं लागतात, कर्जाचा हप्ता तेवढा थांबत नाही. यात किती रुपये अडकले, पुढच्या वादळात किती अडकतील, हे ठेवीदाराला आणि भागधारकाला वाचायचं आहे. रिझर्व्ह बँकेचा 28 फेब्रुवारी 2024 चा हवामान-जोखमीच्या प्रकटीकरणाचा मसुदा बँकांना त्याच दिशेने प्रश्न विचारतो.

आकड्यावर विश्वास कसा बसतो, ते जवळच दिसतं: तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात चोळ राजा राजराजाने दागिन्यांची नुसती यादी कोरली नाही. ते ‘आडवल्लान’ नावाच्या दगडी वजनाने तोलले, हेही कोरलं. देवस्थानचा पैसा गावसभांकडे साडेबारा टक्क्यांनी ठेवला, तेही भिंतीवर आहे. माप आकड्याशेजारीच होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं.

आजच्या अहवालात कंपनी आधारवर्ष स्वतः निवडते, पुरवठादारांचं उत्सर्जन सोयीने वगळते, पुढच्या वर्षी पद्धत बदलते. सप्टेंबर 2023 मध्ये डीडब्ल्यूएस या निधी कंपनीला अमेरिकेच्या रोखे आयोगाने 1.9 कोटी डॉलरचा दंड केला. पर्यावरणाचा विचार करून गुंतवणूक करतो असं ती सांगत होती, आणि प्रत्यक्षात तेवढं करत नव्हती.

जुलै 2023 मध्ये ‘सेबी’ने बीआरएसआर कोअरसाठी, म्हणजे त्या अहवालातल्या गाभ्याच्या निकषांसाठी, त्रयस्थाची हमी सक्तीची केली, सुरुवात पहिल्या 150 कंपन्यांपासून. मार्च 2025 मध्ये तिथे ‘मूल्यांकन किंवा हमी’ असा पर्याय आला. उद्योगांवरचा खर्च मी जाणतो, तरीही ही सवलत मला मान्य नाही. कुणी सत्यम कंपनीची आठवण करून देईल: लेखापरीक्षकाची सही असूनही 2009 मध्ये हजारो कोटींचे आकडे खोटे निघाले. खरं आहे. म्हणून तर तपासणी कडक करायला हवी, सैल नव्हे.

दुपारच्या सत्रात एक ठराव येतो आहे. आपल्यापैकी ज्या हिशेबतपासनिसाची सही हवामान अहवालावर जाईल, त्याने आधारवर्ष, मोजणीची पद्धत आणि वगळलेल्या बाबी पहिल्याच पानावर लिहून घ्याव्यात, आणि कार्बनच्या टनांशेजारी हवामानाने झालेलं नुकसान रुपयांत मागावं. आकडा मिळाला नाही, तर मिळाला नाही असं सहीच्या वर नोंदवावं. यामुळे काही अशील हातचे जातील, हे जाणूनच मी ठरावाला पाठिंबा देतो आहे.