टेबलावरची टक्केवारी

(हिंगणघाट येथे युवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



वर्धा म्हणजे सेवेचा जिल्हा, असं शाळेत शिकवतात. सेवाग्राम इथलं. १९३६ पासून महारोग्यांची सेवा करणारं दत्तापूरही इथलंच. पण सेवा करणाऱ्याच्या मनात असते तोवर चालते. मला बोलायचंय ते हक्काबद्दल. अपंग माणूस सरकारकडे अर्ज करतो तो भीक म्हणून नाही, कायद्यानं दिलंय म्हणून. तरी तो अर्ज माघारी का येतो?

सरकार आता 'दिव्यांग' म्हणतं. नाव दिव्य झालं, फाईल आहे तिथंच आहे.

आपल्या मोहल्ल्यातला रोग घ्या, सिकलसेल. रक्तातली गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते. हाडं ठणकतात, श्वास लागतो. पोरगी चार दिवस अंथरुणात लोळते आणि पाचव्या दिवशी उठून पाणी भरते. विदर्भात हा रोग आदिवासींत आहे तसा आपल्या बौद्धांतही आहे. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, रक्ताचा एकही नव्हता. २०१६ च्या कायद्यानं एकवीस केले, तेव्हा कुठं सिकलसेल आत आला. लेखापासून कायद्यापर्यंत ५८ वर्षं! आपल्या दुखण्याला दारात उभं ठेवायची सवय जुनीच आहे.

बरं, आत आला. मग पुढं काय?

पहिलं टेबल डॉक्टरांचं. तिथं टक्के ठरतात. कायद्यातल्या बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. तुटलेला हात दिसतो, तो मोजता येतो. रक्त दिसत नाही. कळ बोर्डाची तारीख बघून येत नाही. त्या दिवशी पोरगी सरळ चालत आत जाते, तिथंच तिचे टक्के घसरतात. मागच्या कळा सिद्ध करायच्या तर दवाखान्यात भरती झाल्याचे, रक्त चढवल्याचे कागद लागतात. ते कागद गळक्या खोपटात दोन पावसाळे टिकत नाहीत. खुब्याचं हाड रक्ताविना मेलं, पाय लंगडा झाला, की मग अपंगत्व दिसायला लागतं. म्हणजे आधी मोडा, मग या!

आणखी एक. साध्या चाचणीत रक्तात सिकल आहे एवढंच कळतं. तो रुग्ण, एसएस, की नुसता वाहक, एएस, हे पुढच्या तपासणीत ठरतं. वाहकाला प्रमाणपत्र नाही. अर्धा रिपोर्ट जोडून पाठवलेला अर्ज पडणारच. हे आपल्या पोरांना माहीत पाहिजे.

दुसरं टेबल तहसीलचं. संजय गांधी निराधार योजना १९८० ची. अपंगाला ४० टक्के चालतात, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत हवं. हिशेब करा. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकाच माणसानं १६१ दिवस काम केलं की ५० हजार ओलांडले! म्हणजे बाप राबला म्हणून पोरीचा अर्ज बाद. केंद्राच्या पेन्शनची तऱ्हा आणखी वेगळी. दारिद्र्यरेषेखालचं घर आणि ८० टक्के अपंगत्व. एवढं सगळं जुळलं की महिन्याला ३०० रुपये. हा आकडा २०१२ पासूनचा.

नोकरीचं विचारता? कलम ३४ वाचा. चार टक्के राखीव जागांच्या यादीत रक्ताचे रोग नाहीतच. एकाच कायद्याच्या एका पानावर अपंग, दुसऱ्या पानावर नाही.

आणि सगळ्यात मोठी चलाखी ऐका. खिडकीतून तोंडी सांगतात, 'बसत नाही.' साला, काय बसत नाही? कुठल्या नियमात? गोदीत आम्ही पेटी उतरवतो, ती फुटकी निघाली तरी फुटकी म्हणून कागदावर नोंद होते. जिवंत माणसाला तेवढीही नोंद नको? प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी द्यायचं, असं नियमच सांगतो. कलम ५९ खाली त्यावर अपील आहे, ९० दिवसांत. पण हातात कागद नसेल तर अपील कशावर करणार? म्हणून तर कागद देत नाहीत.

२०२४ साली नियम बदलले. प्रमाणपत्राची मुदत एक महिन्याची तीन महिने झाली. दोन वर्षं निर्णय झालाच नाही तर अर्जदारानं पुन्हा नवा अर्ज करायचा. उशीर त्यांचा, मेला आपला अर्ज!

तेव्हा नुसत्या घोषणा देऊन भागणार नाही. तुम्ही शहरात शिकलेली पोरं आहात. आर्वी, देवळी, समुद्रपूरच्या मोहल्ल्यांत जाऊन बसा. दवाखान्याचा प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला लावा. अर्जाची पोच घ्या. नकार लेखी मागा, तारखेसह. आणि रस्ताही सोडू नका. २०२५ साली बच्चू कडूंनी मोझरीला उपोषण केलं आणि त्याच वर्षी अपंगांचं अनुदान १५०० चं २५०० करायचं ठरलं. मागितल्याशिवाय इथं कुणी रुपया वाढवत नाही.

उद्यापासून प्रत्येक खिडकीवर आपला एकच शब्द. लेखी द्या!

जय भीम.