फोन घरात आहे, पण कुणाच्या खिशात?

(पिंपळगाव बसवंत येथील स्त्रियांच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय ‘शाळा आणि तंत्रज्ञान’. मी काही त्यातली तज्ज्ञ नाही. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली शेवटची बारा याच भागात. त्यामुळे मशीन कसं चालतं ते मी सांगणार नाही. ते मशीन कुणाच्या हातात जातं, एवढंच मी पाहिलंय, आणि तेवढंच सांगते.

सुरुवात एका कागदापासून करते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. थोड्याच दिवसांत वरून तक्ता आला, प्रत्येक मुलाच्या नावासमोर भरायचा. घरात स्मार्टफोन आहे का? टीव्ही आहे का? रेडिओ आहे का? काहीच नाही का? होय किंवा नाही. मी फोन करून, काही ठिकाणी मास्क लावून दारात उभं राहून तो भरला. माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीसमोर मी लिहिलं, स्मार्टफोन : होय. मुलगी हुशार. गणितात तर मला उलटे प्रश्न विचारायची. मला वाटलं, चला, हिची काळजी नाही.

वर्गाचा व्हॉट्सॲप गट केला. सकाळी दहाला अभ्यास टाकायचा, संध्याकाळपर्यंत वहीचे फोटो यायचे. या मुलीचा एकही फोटो आला नाही. महिना गेला, दोन महिने गेले. आठवड्याच्या अहवालात मी तिच्या नावासमोर ‘प्रतिसाद नाही’ लिहीत राहिले. लिहिताना थोडा रागही यायचा, हे कबूल करते. एवढी हुशार पोरगी, घरात फोन असून करत नाही म्हणजे काय?

ऑगस्टात तिच्या वस्तीवर गेले. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला होता. तुम्हाला इथल्या बाजार समितीचं काय सांगायचं! वडील पहाटेच क्रेट भरून पिकअप घेऊन निघायचे, फोन खिशात. भाव विचारायला, व्यापाऱ्याशी बोलायला, गाडी कुठे लागली ते सांगायला फोन लागणारच. त्यात त्या माणसाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी सातला ते घरी यायचे. मग फोन दहावीतल्या भावाकडे, कारण त्याचं वर्ष महत्त्वाचं. भावाचं झालं की चार्जिंगला. आणि सात ते नऊ ही पोरगी कुठे? चुलीपाशी. आई दिवसभर कांद्याच्या खळ्यावर निवडायला, मग भाकरी कुणी करायच्या?

मी विचारलं, “अगं, रविवारी तरी घ्यायचास ना फोन?”

ती म्हणाली, “बाई, मी फोन घेऊन बसले की चुलते विचारतात, कुणाशी बोलतेस?”

तिच्या आईनं हळूच सांगितलं, “बाई, पोरीच्या हातात फोन दिसला की लोक बोलतात. एकदा नाव झालं की मग लग्नाचंच बघायला लागतं.”

मी घरी आले आणि तो तक्ता काढून पाहिला. स्मार्टफोन : होय. माझ्याच अक्षरात. तो तक्ता खोटा नव्हता. पण घर म्हणजे काय एकच माणूस असतो का? घरात दूध आहे म्हणजे सगळ्यांच्या पेल्यात दूध आहे असं आपण कधी मानतो का? आपण बायका तर नाहीच मानत. मग फोनच्या बाबतीत मी, एक बाई असून, कसं मानलं?

पुढे हे मोठ्या पाहणीतही दिसलं. ‘असर’ची २०२३ सालची पाहणी खेड्यातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींची होती. जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यातही स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के. मोठ्यांचंही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधी ना कधी इंटरनेट वापरलंय असं सांगणाऱ्या बायका देशात शंभरात तेहेतीस, पुरुष सत्तावन्न. म्हणजे ज्या आईनं मुलीची बाजू घ्यायची, तिच्याही हातात ते नाही.

आता कुणी म्हणेल, बाई तंत्रज्ञानाच्या विरुद्ध बोलायला आल्या. तसं नाही. उलट मला ते आवडतं. नोकरीला लागले तेव्हा पुण्याची ‘बालचित्रवाणी’ होती. १९८४ साली सुरू झालेली. मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करायची, दूरदर्शनवर लागायचे. २०१७ मध्ये ती बंद झाली, फारसं कुणी हळहळलंही नाही. माझ्या पहिल्या शाळेला सरकारी टीव्ही मिळाला होता. पण शाळेला कडी-कुलूप धड नाही म्हणून तो गावातल्या एका मोठ्या घरी ‘सुरक्षित’ ठेवला. तिथे तो छान चालायचा! क्रिकेटच्या दिवसांत तर गर्दी. शाळेत आला तो पंधरा ऑगस्टला, हार घालायला. टेपरेकॉर्डर मात्र मी भांडून वर्गात ठेवला. त्यात मुली कविता म्हणायच्या आणि स्वतःचा आवाज ऐकून तोंडावर हात घेऊन हसायच्या. ज्या मुलीचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता, तिचा आवाज मला त्या टेपनं ऐकवला.

नंतर २०१५-१६ पासून डिजिटल शाळांची लाट आली. लोकवर्गणी निघाली, मोठा पडदा आला, प्रोजेक्टर आला. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचं नाव सगळीकडे झालं. आम्हीही वर्गणी गोळा केली, त्यात बचत गटाच्या बायकांचे पैसे होते. पण मी होते त्या शाळेत त्या खोलीची किल्ली एकाच गुरुजींकडे. प्रशिक्षणाला तेच जायचे, कारण मुक्कामाचं प्रशिक्षण, ‘बाईंना कशाला त्रास’. वायर निघाली की मुलगे धावायचे. मुलींचं काम काय? खोली झाडणं आणि पडद्यावर कापड टाकणं. यात माझाही दोष आहे. घाईच्या वेळी मीच हाक मारायची, “अरे, कोण आहे रे, जरा वायर लाव!” ‘अरे’च म्हणायची. ‘अगं’ म्हणायला मला कितीतरी वर्षं लागली. नंतर विजेचं बिल थकलं, मीटर कापलं, आणि मग सगळेच सारखे झाले.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पुस्तकातल्या क्यूआर कोडचं खूप कौतुक झालं. व्हायलाच हवं. मला त्यातलं दुसरं महत्त्वाचं वाटतं. तिथल्या मुलींच्या घरची भाषा कन्नड, आणि त्यांनी आधी ती भाषा शिकून घेतली. कोड नंतर. आमच्याकडे पुस्तकावर कोड आले, पण पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला बिऱ्हाड घेऊन येणाऱ्या मुलींची बोली शिकायला आमच्यातलं कोण गेलं? छाटणीला आई-बाप येतात, बरोबर ही आठ-दहा वर्षांची पोर धाकट्याला सांभाळायला. तिच्या पिशवीत कोड असलेलं पुस्तक असेलही. ते उघडायला फोन हवा, फोनला डेटा हवा, आणि कडेवरचं पोर कुणीतरी घ्यायला हवं.

तर त्या ऑगस्टात मी काय केलं ते सांगते. फार मोठं नाही. त्या मुलीच्या आईकडे बटणाचा फोन होता. तसे आणखी तीन आयांकडे निघाले. त्या फोनवर कुणी ‘कुणाशी बोलतेस’ विचारत नव्हतं, कारण तो आईचा. रात्री साडेनऊला, भांडी झाल्यावर, मी चारही नंबर एकत्र जोडायची आणि वीस मिनिटं शिकवायची. अपूर्णांक मी फोनवर शिकवले, भाकरीचे तुकडे करायला लावून! आया शेजारी बसून ऐकायच्या. एकदा मी प्रश्न विचारला आणि उत्तर पोरीच्या आधी आईनं दिलं. “पाव आणि पाव म्हणजे अर्धा, बाई, एवढं तर खळ्यावर रोज करतो.” त्याच जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायला लागली होती. ज्यांच्याकडे टीव्ही होता तिथे तीही मुलींपर्यंत पोचली, कारण टीव्ही कुणी खिशात घालून बाजाराला नेत नाही. पालघरकडे जव्हार-मोखाड्यात काही कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यांवर स्पीकर लावून ‘बोलकी शाळा’ चालवली. स्पीकरचंही तेच, तो सगळ्यांसाठी वाजतो. महागडं मशीन आणि उपयोगाचं मशीन एकच असतं असं नाही, हे मला त्या वर्षी कळलं.

माझ्या चार मुलींपैकी तीन शाळेत परत आल्या. चौथीचं लग्न २०२१ च्या उन्हाळ्यात झालं. ती चौदाची होती. मला कळलं तेव्हा हळद उतरली होती. आधी कळलं असतं तर १०९८ ला फोन केला असता, असं मी स्वतःला सांगते. पण शेवटच्या तीन आठवड्यांत ती फोनवर येत नव्हती आणि मी “पाहुणे आलेत” हे कारण ऐकून गप्प बसले होते. कोणते पाहुणे, हे विचारलं नाही.

आता कामाचं बोलते. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. इथे बसलेल्यांपैकी कितीजणी समितीवर आहेत? हात वर करा. ... बऱ्याच आहेत. आणि बैठकीत बोलल्या किती? ... बघा. सही करायला वही घरी येते ना?

पुढच्या बैठकीला वही घरी आली तर सही करू नका, शाळेत जा. डिजिटल खोलीची किल्ली कुणाकडे आहे विचारा. संगणकाला, टॅबला मागच्या महिन्यात कितीवेळा मुलीचा हात लागला विचारा. हसतील, हसू द्या. विजेचं बिल कोण भरतं, प्रशिक्षणाला कोणत्या बाई गेल्या, तेही विचारा. आणि तक्ता भरताना ‘घरात फोन आहे का’ याच्या पुढे पेन्सिलीनं एक रकाना आखायला सांगा : तो मुलीच्या हातात किती वाजता येतो?

तसा तक्ता मी करून आणलाय. झेरॉक्स मागच्या टेबलावर आहेत, चहाच्या शेजारी. एकेक घेऊन जा, आणि आपल्या वस्तीतली दहा घरं भरून पुढच्या महिन्यात परत आणा. नावं लिहू नका, वेळ लिहा.